सीटखालचा हीटर

नोव्हेंबर उजाडला की जर्मनीतल्या एसलिंगनजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाड्यांच्या, डिझेल हीटरची कामे रांगेने येऊ लागतात. गेल्या हिवाळ्यात स्टुटगार्टमध्ये आयटीत नोकरी करणाऱ्या एका पुणेकर जोडप्याची जुनी फियाट ड्युकाटो आली. ती त्यांनी हीटरसकट कोणाकडून तरी विकत घेतली होती. सक्तीच्या वाहन-तपासणीत त्या हीटरवर मान्यतेची खूण सापडली नाही, म्हणून तपासनिसाने स्टिकर नाकारला आणि त्यांची नॉर्वेची सहल अडून राहिली. "दादा, हीटर एकदम झकास चालतो, फक्त कागदांचं घोडं अडलंय," असे त्या गृहस्थांनी फोनवरच सांगितले. मराठी मेकॅनिक सापडल्याचा आनंद त्यांच्या आवाजात होता, आणि थोड्या सवलतीची अपेक्षाही.

व्हॅन आल्यावर त्यांनी हीटरच्या अंगावरचे सीई हे युरोपीय चिन्ह मला बोट ठेवून दाखवले. ते चिन्ह उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावू शकतो आणि गाडीत बसवायच्या हीटरला ते पुरत नाही. जर्मनीच्या वाहन-नियमावलीच्या कलम २२ अ प्रमाणे इंधन जाळणारा हीटर मान्यताप्राप्त प्रकाराचाच असावा लागतो. ही मान्यता संयुक्त राष्ट्रांच्या १२२ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार मिळते आणि तिची खूण म्हणजे वर्तुळातला 'ई' व त्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा. जर्मनीचा आकडा १. शंभर-दीडशे युरोंना ऑनलाइन मिळणाऱ्या त्या यंत्रावर असे वर्तुळ कुठेच नव्हते. इथपर्यंत तो खरोखरच कागदांचा प्रश्न होता. सीटखालची पेटी उघडली तेव्हा मात्र चित्र बदलले.

पेटीत हीटरला खेटूनच दहा लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी होती आणि तिचे झाकण पेटीतच उघडत होते, म्हणजे डिझेल भरायचे ते झोपायच्या जागेत बसून. टाकीखालच्या कार्पेटवर तेलाचा काळपट डाग पसरला होता. हीटरच्या तळातून धुराची आणि जळणाच्या हवेची अशी दोन नळकांडी निघतात. ती गाडीच्या पत्र्याला घट्ट बसलेल्या, गॅस्केट लावलेल्या प्लेटमधून थेट खाली उतरायला हवीत. इथे बसवणाऱ्याने हीटर लाकडी फळीवर उंच ठेवला होता. धुराचा पाइप पेटीच्या आतच एका क्लॅम्पने जोडला होता आणि जमिनीला होल-सॉने पाडलेल्या भोकातून बाहेर काढून उरलेली फट बांधकामाच्या फोमने भरली होती. पाइपाच्या कडेने तो फोम तपकिरी होऊन, बोट लावताच भुगा होत होता. खाली वाकून पाहिले, तर पाइपाचे तोंड गाडीच्या पोटाखाली मधोमध संपत होते आणि हवा ओढणारी नळी तिथून वीतभर अंतरावर होती. गाडीभोवती बर्फ साचले, तर हीटरने स्वतःचाच धूर पुन्हा ओढावा, अशी ती सोय होती.

धुराच्या पाइपात आमच्या गळती-चाचणीच्या यंत्राने पांढरा धूर सोडला, तेव्हा तो आधी सायलेन्सरच्या दुमडलेल्या शिवणीतून झिरपला आणि मग, त्या दोघांच्या देखत, सीटच्या पेटीतून वर आला. गृहस्थ काहीच बोलले नाहीत. त्यानंतर व्हॅन आवारात उभी करून, दारे लावून आणि आत मीटर ठेवून हीटर चालू केला. मीटरचा आकडा मी बाहेरून काचेतून वाचत होतो. अर्ध्या तासाच्या आत पलंगाच्या उशाशी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) वर गेला, तसा मी हीटर बंद केला.

"म्हणजे फेल्डबर्गच्या डोंगरावर सकाळी दोघांचंही डोकं ठणकत होतं, ते यामुळे?" बाईंनी विचारले. त्यांनी ते आदल्या रात्रीच्या वाइनवर ढकलले होते. "पण अलार्म तर आहे ना वर? तो का नाही वाजला?" छताला लावलेला अलार्म धुराचा होता. त्याला काजळीचे कण कळतात; कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असल्यामुळे तिच्यात सहज मिसळून जातो. त्याच्यासाठी ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे, म्हणजे कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठी बनवलेला, वेगळा अलार्म लागतो. तो ५० पीपीएमला तास ते दीड तासात आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे.

जुळून चालणाऱ्या डिझेल हीटरच्या धुरात हा वायू फार नसतो. १२२ क्रमांकाच्या नियमाने त्याला धुरातच ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. मग एवढा आला कुठून, ते यंत्र उघडल्यावर कळले. बर्नर काजळीने बुजला होता, कारण हीटरची वीज गाडीच्या मुख्य स्विचवरून घेतलेली होती आणि बाहेर पडताना हे दोघे तो स्विचच बंद करत. बंद करण्याचा हुकूम मिळाल्यावर हीटरचा पंखा काही मिनिटे फिरत राहून उरलेले इंधन जाळतो आणि धातू थंड करतो. वीज तोडली की ते सगळे अर्धवट राहते.

त्या संध्याकाळी मी त्यांना नियमाचे परिशिष्ट काढून दाखवले. इंधन भरण्याचे तोंड प्रवासी कक्षात नको, जळणाची हवा कक्षातून घ्यायची नाही, खिडकी किंवा हवेच्या झरोक्यातून धूर आत येईल तिथे धुराचे तोंड ठेवायचे नाही. एरवी रुक्ष वाटणारी ही कलमे त्या पेटीसमोर बसून वाचताना दोघांनाही लगेच उमगली. "नुसता पाइप बदलून भागणार नाही का?" हा प्रश्न गृहस्थांनी तरीही एकदा विचारून पाहिला. विचारणारच, नव्या मान्यताप्राप्त हीटरला बरेच युरो पडतात आणि मजुरी वेगळी.

नवा हीटर पत्र्यावर सपाट बसवला, इंधन गाडीच्या मूळ टाकीतून वेगळ्या नळीने घेतले आणि टिकटिकणारा पंप, हवेचे बुडबुडे अडकू नयेत म्हणून, तोंड वर करून तिरका टांगला. धुराचा पाइप अखंड ठेवून गाडीच्या कडेला नेला, त्याच्या सर्वांत खालच्या वळणावर पाणी निथळण्यासाठी बारीक भोक पाडले आणि वीज थेट बॅटरीवरून फ्यूजमधून घेतली. हीटरच्या पाटीवर पहिल्यांदा चालू केल्याचे वर्ष कायमचे नोंदवावे लागते, कारण त्यातला हीट एक्स्चेंजर दहा वर्षांनी बदलायचा असतो. ते काम मी बाईंच्या हातून करवून घेतले. मान्यतेची प्रत आणि बसवण्याची पुस्तिका गाडीत ठेवली. तपासनिसाने दोन्ही पाहिली, टॉर्च घेऊन गाडीखाली गेला आणि स्टिकर लावून दिला.

गाडी न्यायला आल्यावर गृहस्थांनी जुन्या हीटरची चौकशी केली. पुण्यातला मेव्हणा स्पितीला जाण्यासाठी टेम्पो ट्रॅव्हलर तयार करून घेत होता. नवा सायलेन्सर टाकून हीटर त्याला पाठवावा, असा विचार होता. स्पितीत साडेतीन हजार मीटरच्या वर हवा विरळ असते. तिथे उंचीप्रमाणे इंधन कमी न करणारा हीटर डिझेल अर्धवट जाळतो, म्हणजे काजळी आणि हा वायू दोन्ही वाढतात. शिवाय गाडीत असे फेरफार करायचे, तर भारतातही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, असे मी सांगितले. ते अजून हिशेबच करत होते.

"अहो, भाऊ माझा आहे," बाई म्हणाल्या आणि मला ग्राइंडर कुठे आहे ते विचारले. हीटरचे धुराचे नळकांडे मी बुडापासून कापले आणि उरलेले धूड भंगाराच्या पिंपात टाकले.