लाल दिवा

गाडी धुणारा पोरगा आठ दिवस सांगत होता, काकांच्या इलेक्ट्रिक गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून फडकं मारणारा तोच एकटा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग जुलैत एका सकाळी काकांचाच ओला हात दाराच्या कडेला लागला आणि मला, त्यांच्या वायरमनला, फोन आला.

कोथरूडमधली जुनी सोसायटी. पार्किंगच्या भिंतीवर १६ अँपिअरचा सॉकेट, त्यात गाडीबरोबर मिळालेला चार्जर. दिवा हिरवा. प्लग काढून आधी टेस्ट लॅम्प लावला. फेज-न्यूट्रलवर, म्हणजे करंट आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या तारांवर, पेटला. फेज आणि अर्थवर, म्हणजे गळका करंट जमिनीत सोडणाऱ्या तारेवर, तितकाच लख्ख. निम्मे वायरमन इथेच 'अर्थिंग ओके' म्हणून पैसे घेतात आणि निघतात.

मी चार्जिंग पुन्हा चालू करायला लावलं आणि त्याच बोर्डावरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घातल्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्य व्होल्ट. तिथेच खटकलं. मीटर रूमपासून तीस मीटर, दीड स्क्वेअर मिलिमीटरची न्यूट्रल वायर, तिच्यातून १४ अँपिअर परत जातायत. पाच व्होल्ट तरी दिसायलाच हवेत. मग कुंडीशेजारच्या ओल्या मातीत सळई ठोकली आणि चाकाच्या नटापासून मोजलं. १८ व्होल्ट.

मेन बंद करून प्लेट उघडली. अर्थची वायर पाइपातच तुटलेली. तिच्या जागी बोटभर लांबीचा जंपर, म्हणजे वायरचा तुकडा, न्यूट्रलवरून थेट अर्थच्या पिनेला. म्हणजे परतीचा करंट नेणाऱ्या वायरलाच गाडीचा पत्रा जोडलेला. मीटर रूममध्ये न्यूट्रलचा एक जोड सैल होऊन करपला होता. त्या एका जोडावर सात व्होल्ट पडत होते. १४ अँपिअरला जवळपास १०० वॅटची उष्णता, हरभऱ्याएवढ्या जागेत, रात्रभर. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, पडणार नाही, कारण त्याच्या हिशेबात १४ अँपिअर म्हणजे सगळं ठीक. आणि तिथे उद्या कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असते, तर २३० व्होल्ट थेट पत्र्यावर. आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, असता तर निदान तेव्हा हात लावणाऱ्याला झटका बसताच त्याने लाइन तोडली असती. पण तो बसवलेलाच नव्हता.

जंपरवर हिरवी स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची नळी, होती. नीट मापात कापलेली, दोन्ही टोकांना तांबं दिसू न देणारी. असं काम करणारा मला एकच माहीत आहे. दोन वर्षं माझ्या हाताखाली होता.

फोन केला. त्याने लपवलं नाही. "दादा, चार्जरचा लाल दिवा जात नव्हता. काकांना पहाटे नाशिकला निघायचं होतं. जंपर मारला, हिरवा झाला." त्याला वाटलं, चार्जर बिघडलाय. खरं तर अर्थ मिळत नाही म्हणूनच तो लाल दिवा लागत होता. तिथे खरं सांगणारी ती एकच वस्तू होती, आणि आमच्याच माणसाने तिचं तोंड बंद केलं.

काका तरी काय करणार? स्वतंत्र लाइनसाठी त्यांनी कमिटीकडे सहा महिन्यांत तीन अर्ज दिले होते. लॉबीत ग्रॅनाइट बसवायला ह्याच कमिटीने एका बैठकीत मंजुरी दिली. झिणझिण्यांची गोष्ट कळल्यावर मात्र चार दिवसांत सही झाली. त्याचं समाधान वाटत नाही, चीडच येते.

आता मीटरपासून चार स्क्वेअरची तांब्याची वेगळी लाइन आहे, टोकांना लग, म्हणजे धातूची टोपणं, दाबून बसवून. २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी. साधा एसी टाइप गाडीच्या चार्जरला पुरत नाही. अर्थिंगचा खड्डा नवीन. खाली मुरूम लागला, दीड दिवस गेला. अर्थच्या रोधाचं रीडिंग २.६ ओम. खणायला जंपर मारणाऱ्या त्या पोरालाच बोलावलं होतं. तो आला, मान खाली घालून खणत राहिला.

स्लीव्ह कशी कापायची हे मी त्याला दहादा दाखवलं होतं. अर्थची वायर कशासाठी असते, हे समोर बसवून एकदा तरी सांगितलं होतं का, ते मला आठवत नाही.

संध्याकाळी हात धुताना त्याला विचारलं, अजून कुठे मारलास? तीन ठिकाणं निघाली. दोन त्याच आठवड्यात त्याला बरोबर नेऊन दुरुस्त केली. तिसरं वाघोलीला आहे. त्या माणसाचा नंबर बदललाय, बिल्डिंगचं नाव पोराला आठवत नाही, फक्त गेटजवळ पिठाची गिरणी होती म्हणतो. येत्या रविवारी आम्ही दोघं ती गिरणी शोधायला जातोय.