ऐन हंगामातली वारी

मुक्ताईची पालखी ज्येष्ठात कोथळीहून निघते, आषाढीला पंढरपुरात पोचते. साडेपाचशे किलोमीटरच्या वर चाल, महिन्याहून जास्त दिवस. आमचं गाव रावेर तालुक्यात. लहानपणापासून पालखी निघताना दर्शनाला जायचो आणि जेवायला घरी परत. पुढे चालायचं म्हटलं की जून आडवा यायचा. माझं खत-बियाण्यांचं दुकान. कपाशीची पाकिटं, युरियाची गाडी, उधारीची वही, सगळं त्याच महिन्यात. शिवाय चार एकर केळी. चोविसाव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हटलं होतं. निघालो सत्तेचाळिसाव्या वर्षी.

निघालो म्हणजे बायकोने पाठवलं. उन्हाळ्यातच ती दुकानात बसायला लागली, खतविक्रीची नोंद करायचं पॉस मशीन शिकली, साठ्याचं रजिस्टर लिहायला लागली. “अहो, जा तुम्ही. अडलं तर फोन करीन.” पहिल्या दिवशी अकरा फोन आले. जालना येईपर्यंत रात्रीचा एकच.

मोताळ्याच्या पुढे राजूर घाट चढताना टाचेला लिंबाएवढा फोड आला. दिंडीतल्या एका आजींनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. सुईत दोरा ओवला, फोडाच्या आरपार काढला, दोन्हीकडे बोटभर ठेवून तोडला. “दोरा राहू दे, पाणी निथळतं.” त्यांची ती एकोणिसावी वारी. आधी कधी आला नाहीत, विचारलं. “सून आली त्या वर्षी निघाले. तोवर गुरं कोणी पाहायची?” दुसऱ्या दिवसापासून मी दिंडीतल्या बायकांना हेच विचारत गेलो. बहुतेकींचं उत्तर तेच, गुरांऐवजी कुणाची लेकरं, कुणाचे अंथरुणाला खिळलेले सासरे.

गोदावरी ओलांडली त्या रात्री बायकोने सांगितलं, चार दिवसांपूर्वी वादळात केळीची तीनशे खोडं आडवी झाली. पंचनामा झाला होता, मजूर लावून बाग साफही झाली होती. “आधी सांगितलं असतं तर तुम्ही परत फिरले असते.” खरंच फिरलो असतो.

बीडला मुक्ताईची पालखी आजोबा गोविंदपंतांच्या समाधीला भेटते. नात आजोबांकडे आली म्हणून लोक रडतात. मीही रडलो, पण माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दुकानाचं काउंटर होतं आणि त्यामागे उभी असलेली ती.

यंदा काउंटरला मी आहे. सकाळपासून बियाण्यांसाठी रांग आहे, पॉसला रेंज नाही. काल संध्याकाळी तिचा फोन आला होता, राजूर घाट चढून गेली. टाचेला फोड आलाय. सुई-दोरा मी पिशवीत घातलाच होता.