आखाजीच्या उन्हात दाढीचं सामान: फैजपूर ते तोरणमाळ

पुण्याहून रेल्वेने भुसावळ, तिथून फैजपूरजवळ सासुरवाडी आणि सण आटोपल्यावर मेव्हण्याच्या गाडीने अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळ. यंदाच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आमचा रस्ता हा. एवढ्या उन्हात खानदेशात कशाला, असं पुण्यात ज्याने त्याने विचारलं. पण आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधले जातात, घागर भरली जाते. पारा ४४ वर असला तरी जायचंच असतं. लेकीमागून जावईही जातो, आणि आमरस-पुरणपोळीच्या पाटावर त्याने दाढीचे खुंट घेऊन बसलेलं कुणाला आवडत नाही. कुणी बोलत नाही, एवढंच.

खाण्याबद्दल आणि मुक्कामाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी दाढीच्या सामानाबद्दल लिहितो, कारण रोज घोटून दाढी करणाऱ्याला या भागात त्याचा विचार करावाच लागतो. माझं मत आधीच सांगतो: हे सामान आपटून फार कमी बिघडतं. ते बिघडतं ओलं असताना डबीत बंद केल्याने आणि तापल्याने. बाजारात मिळणारे शेव्हिंग किटचे पाऊच मात्र फक्त आपटण्यापासून वाचवायला बनवलेले असतात. जाड रेक्झिन, आतून प्लास्टिक, वर घट्ट चेन. सकाळी ओला ब्रश त्यात टाकला की संध्याकाळी कुबट वास येणारच.

जुने न्हावी घरोघर फिरायचे तेव्हा काखेत धोकटी असायची. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, पाजवायचा दगड, सगळं तिच्यात, आणि धारेच्या वस्तूला वेगळा कप्पा. माझं सामान मी तसंच नेतो, फक्त चामड्याऐवजी मांजरपाटात. जुन्या चंचीसारखी कप्पे शिवलेली गुंडाळी, वर नाडी. कापड ओल धरून ठेवत नाही, आणि घाण झालं तर साबणाने धुता येतं. शिंप्याकडून शिवून घ्यायला फार खर्च येत नाही.

रेझर माझा दुधारी ब्लेडचा आहे. खानदेशात जाणाऱ्याने हाच न्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. किंग जिलेट यांना या रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं, आणि आजही कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड कुठल्याही अशा रेझरमध्ये बसतं. गावातल्या किराणा दुकानात, टपरीवर, एसटी स्टँडसमोर ते हमखास मिळतं. तीन किंवा पाच पात्यांची महागडी कार्ट्रिज भुसावळला, जळगावला मिळतील. अडावदला विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

रेझर नेताना ब्लेड काढायचं. डोक्याचे भाग सुटे करायचे, पुसायचे, कोरडे झाल्यावर ब्लेडशिवाय पुन्हा जोडायचे. बहुतेक रेझरचं डोकं ओतीव मिश्रधातूचं असतं, वर क्रोमचा मुलामा. ते तुटतं ते आट्यांपाशी, मधल्या बारीक खुंटाला. त्यामुळे हँडल आवळून ठेवू नका, थोडं सैल असू द्या. सगळ्यात चांगली पेटी म्हणजे चष्म्याचं जुनं घर. कडक असतं, आतून मऊ असतं, आणि घरात एखादं पडलेलं असतंच.

ब्रशबद्दल जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पितो आणि सुकायला वेळ घेतो. कृत्रिम तंतूंचा लवकर सुकतो. प्रवासाला कृत्रिमच बरा. दाढी झाली की स्वच्छ पाण्यात धुवा, दोनचार झटके द्या, पंच्यावर हलके फिरवा आणि उघड्यावर ठेवा. उन्हाळ्यातली खानदेशची हवा इतकी कोरडी असते की चहा होईपर्यंत कृत्रिम ब्रश निम्मा सुकलेला असतो. निघायची घाई असेल तर गोळ्यांची प्लास्टिकची रुंद बाटली घ्या, तिला तापलेल्या सुईने भोकं पाडा आणि ब्रश तिच्यात ठेवा. केस दबत नाहीत, वाराही लागतो. मात्र लाकडी मुठीचा ब्रश या दिवसांत घरीच असू द्या. रोज भिजणं आणि रोज लू खाणं लाकडाला सोसत नाही. आधी पॉलिश जातं, मग तडे पडतात.

फैजपूरच्या बाजूला पहिली अडचण आली ती पाण्याची. यावल-रावेरचा हा पट्टा केळीचा, आणि केळीमुळे बोअरचाही. बोअरचं पाणी जड. शाळेत दुष्फेन म्हणून शिकलो होतो ते हेच: त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरा साका होतो आणि फेस बसतो. तुम्ही ब्रश फिरवत राहता, तोंडावर नुसतं ताक. क्रीम घेतलं तर थोडा फरक पडतो, पण क्रीमही साबणाचंच भावंड. पाणी उकळून काही जडपणा जातो, सगळा जात नाही.

यावर उपाय सोपा आहे. सणाच्या घरात फिल्टरच्या पाण्याचे जार आलेले असतातच. त्यातलं अर्धा पेला पाणी फक्त फेस करायला घ्या. तोंड धुवायला आणि रेझर खळबळायला बोअरचं पाणी चालतं. अर्ध्या पेल्यात ब्रशही भिजतो आणि फेसही होतो. तोंड धुतलेलं पाणी ब्रशमध्ये जाऊ देऊ नका, म्हणजे झालं. चोपड्यात दाढी करून घेतली तेव्हा सलूनवाल्या आप्पांना याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पानी जड शे भो, साबन जास्ती लागस," आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कॅनमधलं पाणी वाटीत ओतलं.

जड पाणी मागे पांढरे डाग ठेवून जातं. रेझरवर ते रोज साचतात आणि आट्यांमध्ये भरतात. अर्ध्या लिंबाने चोळून लगेच धुवा आणि पुसा. लिंबात बुडवून रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो.

भरल्या घरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आखाजीला पोरांची गर्दी असते आणि न्हाणीघर एकच. ब्लेडची पुडी कोनाड्यात ठेवली तर तासाभरात कुणीतरी पेन्सिलला टोक करत बसलेलं दिसेल. गुंडाळी नाडी बांधून उंच खुंटीला अडकवायची. वापरलेलं ब्लेड मात्र अजिबात कचऱ्यात टाकायचं नाही. इथे घरातला कचरा उकिरड्यावर जातो, आणि उकिरड्यावर गुरं तोंड घालतात. चाऱ्याबरोबर गिळलेला धातूचा तुकडा पोटात रुततो, पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत जातो. गुरांच्या डॉक्टरांना ही केस नवी नसते. ब्लेडच्या काही प्लास्टिकच्या डब्यांना मागे जुनं ब्लेड सरकवायची फट असते. ती नसेल तर बाम किंवा तपकिरीची रिकामी पत्र्याची डबी घ्या, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि परत घेऊन या. लॉजवर उतरलात तरी हेच करा. तिथल्या डस्टबिनमध्ये कुणीतरी हात घालणारच असतो.

सण झाला आणि आम्ही भल्या पहाटे गाडी काढली. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सातपुड्याला धरून जातो, डावीकडे केळी आणि कापसाची मोकळी रानं, उजवीकडे डोंगर. अडावदहून उनपदेवला वळलो. तिथे गोमुखातून गरम पाणी येतं आणि कुंडात पडतं. गरम पाणी बघून काहींना दाढी आठवते. कुंड लोकांच्या आंघोळीचं आहे, देवाचं ठिकाण आहे. साबण आणि ब्लेड तिथे काढू नका.

आम्ही उनपदेवला होतो तेवढ्या वेळात गाडी उन्हात उभी होती, आणि मेव्हण्याचा शेव्हिंग फोमचा डबा समोरच्या काचेपाशी. परत आलो तर टोपणाखालून फेस उतू आलेला, डॅशबोर्डवर पसरलेला. "दाजी, बॉम्ब होता की काय हा?" तो हसत म्हणाला, पण यात हसण्यासारखं काही नव्हतं. दाबाच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापवू नये असं छापलेलं असतं. बाहेर ४४ असताना बंद गाडीत, त्यातही काचेखाली, ५० केव्हाच मागे पडतात. डबा फुटला नाही हे नशीब. उन्हाळ्यात खानदेशात फोम आणि जेलचे दाबाचे डबे नेऊच नयेत. ट्यूबमधलं क्रीम न्या, तेही अर्धी वापरलेली ट्यूब: तोंडावर प्लास्टिकचा छोटा तुकडा ठेवून वरून टोपण फिरवा आणि ट्यूब पिशवीत उभी ठेवा. साबणाची कांडी सर्वात निर्धोक, पण ग्लिसरिनची असेल तर उन्हात चिकट होते. आफ्टरशेव्हची काचेची बाटली कशाला बाळगायची? तुरटीचा खडा घ्या. किराणा दुकानात मिळतो, कापल्यावर रक्त थांबवतो. वापरून झाल्यावर कोरडा करून वेगळ्या डबीत ठेवा, कारण ओली तुरटी धातूला खाते. चष्म्याच्या घरात रेझरशेजारी ती ठेवली तर महिन्याभरात फरक दिसतो.

गाडीने जा किंवा एसटीने, दाढीची गुंडाळी बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवा. बॅग बाहेरून कितीही तापली तरी मधला भाग तापायला बराच वेळ घेतो. एसटीच्या डिकीत बॅग टाकायची वेळ आली तर धुळीचाही विचार करा. शिरपूर ते शहादा आम्हाला वाऱ्याबरोबर मातीच लागली. ट्रिमर नेणाऱ्यांनी तो रुमालात गुंडाळावा, लॉक असेल तर लावावा. नाहीतर बॅगेतच सुरू होऊन बॅटरी संपवतो.

दाढी कधी करावी, याचंही इथे गणित वेगळं आहे. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं येतं, आणि दाढीनंतर लगेच उन्हात गेलात तर गाल तासभर चुरचुरतात. घाम आणि धूळ त्यात भर घालतात. पहाटे करा किंवा रात्री जेवणाआधी. मला रात्रीची जास्त मानवली, कारण सकाळी ब्रश पूर्ण सुकलेला हाती येतो आणि निघताना काही ओलं भरावं लागत नाही.

सलूनमध्ये जाणार असाल तर एकच पाहा: नवीन ब्लेड तुमच्यासमोर पुडीतून काढून, मोडून, अर्धं वस्तऱ्यात बसवलं जातंय ना. कावीळ बी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, म्हणून हे मागायला संकोच नको. शहाद्यातल्या माणसाने न सांगता केलं.

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना हवा बदलते. सुमारे ११५० मीटर उंची, वर यशवंत तलाव, रात्री पंखा बंद करावासा वाटला. सातपायरीच्या वळणांवर बॅगा इकडून तिकडे सरकत होत्या, गुंडाळीतलं काही हललं नाही. वर निघण्याआधी ब्लेड आणि क्रीम शहाद्यातच घेऊन ठेवा, ट्रिमरही तिथेच चार्ज करा; वर दुकानं थोडी आणि विजेचा भरवसा कमी. छोटा आरसा मात्र न्याच. मुक्कामी खोलीतला आरसा माझ्या छातीच्या उंचीवर होता आणि दिवा माझ्या पाठीमागे.

पावसाळ्यात येणाऱ्यांना उलटं करावं लागेल. तेव्हा ऊन त्रास देत नाही, ओल देते. ब्रश सुकत नाही, साध्या पोलादाच्या ब्लेडवर दुसऱ्या दिवशी तांबूस गंज दिसतो. तेव्हा स्टेनलेस ब्लेड घ्या, आणि वापरल्यावर ते झटकून सुकवा. धार रुमालाने पुसू नका; धार जाते आणि बोटही.

परतताना प्रकाशाला तापी पाहिली आणि नंदुरबारला गाडी पकडली. जळगावहून विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढंच: सुटी ब्लेडं केबिनच्या बॅगेत चालत नाहीत, तपासणीत काढून घेतात. ती चेक-इनच्या सामानात टाका. सोबत फक्त हातातली बॅग असेल तर उरलेली पुडी सासऱ्यांना देऊन या. त्यांच्या रेझरला ती बसेल.