बर्फात रिमोटचा रणगाडा: पोट, ट्रॅक आणि वितळलेलं पाणी

रिमोटवरचा रणगाडा बर्फात रुतला की बहुतेकांचा हात आधी मोटरकडे जातो. जोर कमी पडतोय, आतली ३८० ची (म्हणजे ठराविक लहान मापाची) मोटर काढून मोठी घालू, असं ठरतं. मोठी मोटर घातली की तोच रणगाडा त्याच जागी रुततो आणि वर गिअरचे दात जातात. बर्फ अडवतो तो पोटाखाली आणि चाकांच्या फटींत. तो आत शिरतो भुकटी होऊन, मोटरच्या उबेनं त्याचं पाणी होतं, आणि गाडी थांबली की तेच पाणी गोठतं. पुढचं सगळं या तीन अवस्थांभोवती फिरतं.

आधी पोटाचा हिशोब. १/१६ स्केलचा (खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा) टायगर हा जर्मन रणगाडा घेऊ, कारण हौशी लोकांकडे तोच जास्त दिसतो. खऱ्या टायगरचा ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारा कड्यांचा पट्टा, ७२५ मिमी रुंद, म्हणजे मॉडेलवर ४५ मिमी. जमिनीला टेकणारी लांबी मॉडेलवर साधारण २२.५ सेंमी. दोन्ही ट्रॅक मिळून सुमारे २०० चौरस सेंमी. मॉडेल ४ किलोचं असेल तर प्रत्येक चौरस सेंमीवर २० ग्रॅम भार येतो. धातूचे ट्रॅक, धातूची चाकं घालून वजन ७ किलोवर नेलं तर ३५ ग्रॅम. बूट घालून दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या माणसाचा भार दीडशे ग्रॅमच्या पुढे असतो. म्हणजे तुमचा पाय जिथे घोट्यापर्यंत जातो तिथे रणगाडा वरच्या वर तरंगायला हवा, आणि बऱ्याच अंशी तरंगतोही. पण खऱ्या टायगरचं पोट जमिनीपासून ४७ सेंमी वर असतं. मॉडेलवर ते होतात २९ मिमी. शर्मनवर २७, टी-३४ वर २५. मॉडेल तीन सेंमी खाली बसलं की पोट बर्फावर टेकतं, वजन ट्रॅकवरून पोटावर जातं आणि ट्रॅक नुसते फिरत राहतात. तेव्हा मोटर कितीही जोराची असो, ती फक्त खड्डा खोल करते.

म्हणून भुसभुशीत बर्फात हलकं मॉडेल आणि रुंद ट्रॅक यांचा फायदा होतो. प्लास्टिकचे ट्रॅक इथे धातूच्या ट्रॅकपेक्षा बरे चालतात, हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं. धातूचे ट्रॅक खुलतात ते कडक, दाबलेल्या बर्फावर, जिथे वजनानं कड रुतून पकड मिळते. पँझर ४ चा ट्रॅक मॉडेलवर जेमतेम २५ मिमी. तेवढ्याच वजनाला त्याचा भार टायगरच्या जवळजवळ दुप्पट पडतो. खऱ्या पँझर ३ आणि ४ ला हीच अडचण होती, म्हणून जर्मनांनी १९४४ मध्ये बाहेरच्या बाजूला रुंदावलेले ‘ऑस्टकेटन’ ट्रॅक काढले. तुमच्या मॉडेलसाठी असा रुंद संच मिळाला तर बर्फासाठी तोच घ्यावा.

पोट गुळगुळीत करणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी काम. खालची बाजू कोरडी पुसा, स्पिरिटनं तेलकटपणा काढा आणि मागून पुढे अशा आडव्या पट्ट्यांत पॅकिंगची चिकटपट्टी मारा. मागची पट्टी आधी लावा आणि पुढची तिच्यावर सेंटीमीटरभर चढवा, म्हणजे पुढे जाताना बर्फाला कड उचकटता येणार नाही. घरावर कौलं चढवतात तीच रीत. स्क्रूची भोकं, बॅटरीच्या झाकणाची फट, खाली असतील तर स्पीकरची भोकं, सगळं या एका थराखाली झाकलं जातं. वरून साधी मेणबत्ती घासा. चाकांच्या आतल्या बाजूंनाही मेण किंवा सिलिकॉन स्प्रे द्या, बर्फ चिकटून राहत नाही. पेट्रोलियमचा स्प्रे मात्र नको. काही रबरी टायर त्यानं फुगतात.

आता बर्फ कसा आहे ते बघायचं. हातमोजा काढून मूठभर बर्फाचा लाडू वळून पाहा. लाडू वळला, हातात घट्ट राहिला, तर तापमान शून्याच्या आसपास आहे आणि हा बर्फ चाकांत तसाच घट्ट बसणार. रणगाड्यासाठी सगळ्यांत वाईट दिवस तो. उणे ५ ते उणे १० मध्ये बर्फ कोरडा असतो, बोटांतून पिठासारखा गळतो, आणि चाकांतूनही तसाच गळून जातो. त्याहून खाली, उणे १५ च्या पुढे, बर्फ उत्तम असतो पण प्लास्टिक ठिसूळ होतं, ग्रीस घट्ट होतं आणि बॅटरी मान टाकते.

चिकट बर्फाचा सगळ्यांत जास्त त्रास टायगर आणि पँथरला. त्यांची चाकं एकमेकांत गुंतवलेली, मधल्या फटी बोटभरही नाहीत. पूर्व आघाडीवर खऱ्या टायगरच्या चाकांमध्ये रात्री चिखल आणि बर्फ गोठून बसायचा आणि सकाळी चाकं हलायची नाहीत. मॉडेलवर हेच अर्ध्या तासात घडतं. जवळून पाहिलं तर क्रम असा दिसतो: आधी चाकांच्या मधल्या पोकळीत पांढरी वडी जमते, मग ती ट्रॅकच्या आतल्या शिंगांना घासू लागते, मग पुढच्या दातेरी चाकाच्या दातांच्या बुडाशी बर्फ दाबून बसतो. दात आखूड झाल्यासारखे होतात, ट्रॅक वर उचलला जातो आणि करकचून ताणला जातो. इथे तीनपैकी एक होतं: ट्रॅक उतरतो, पिन निघते किंवा गिअर सरकतो. टी-३४ आणि शर्मनच्या चाकांत मोकळी जागा असते, ते जास्त वेळ टिकतात. टी-३४ ला दातेरी चाक मागे असल्यानं पुढे जाताना वरचा ट्रॅक सैल राहतो, हाही थोडा फायदाच.

म्हणून ट्रॅकचा ताण घरातल्या फरशीपेक्षा कमी ठेवा. वरच्या भागाच्या मधोमध ट्रॅक चिमटीत धरून उचला. सेंटीमीटरभर वर आला पाहिजे. त्याहून जास्त सैल ठेवलात तर वळताना उतरेल. आयडलरचा (दातेरी चाकाच्या विरुद्ध टोकाच्या, ट्रॅक ताणणाऱ्या चाकाचा) ताण स्क्रूनं बदलता येत असेल तर काम सोपं, नसेल तर एक कडी वाढवून किंवा कमी करून पाहावं लागतं. सोबत जुना टूथब्रश आणि आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवा. दर दहा मिनिटांनी थांबून दातांच्या बुडाचा बर्फ काडीनं काढायचा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, गारठलेल्या प्लास्टिकचा टवका उडतो.

चालवताना जागच्या जागी गिरकी घेऊ नका. ट्रॅक आडवा सरकतो, बाजूचा बर्फ चाकांखाली ढकलतो आणि ट्रॅक उतरतो. मोठ्या वळणानं फिरवा. पुढे जाईना झालं की रिमोटची स्टिक सोडा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे या. ती वाट आधीच दाबलेली असते. स्टिक दाबलेली आणि ट्रॅक थांबलेले, ही स्थिती दोन सेकंदांपेक्षा जास्त राहू देऊ नका. अडलेली मोटर सगळ्यांत जास्त करंट ओढते, आणि बाहेर थंडी असली तरी आतल्या मोटरला ती थंडी पोचत नाही.

खोल बर्फात वाट आधी तयार करावी. बुटांनी तुडवा, मग फळी नाहीतर मुलांची घसरगाडी ओढून सपाट करा आणि तास-दोन तास तशीच राहू द्या. दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांना धरतात आणि पृष्ठभाग आपोआप कडक होतो. लगेच गाडी घातली तर ही सगळी मेहनत वाया जाते. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९४८ ला भारतीय सैन्याच्या सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे काश्मीर-लडाखमधल्या, साडेअकरा हजार फुटांच्या आसपासच्या झोजिला खिंडीत घुसले, तेव्हाही आधी मद्रास सॅपर्सनी (सैन्याच्या अभियंता तुकडीनं) बालतालहून वर रणगाडे जातील असा रस्ता केला होता. स्टुअर्टचा ट्रॅक ११.६ इंचांचा, १/१६ मध्ये अठरा मिमी फक्त. इतक्या अरुंद ट्रॅकचं मॉडेल न तुडवलेल्या बर्फात घालूच नये.

बॅटरीबद्दल थोडक्यात. थंडीत तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि जोर लागला की व्होल्टेज एकदम पडतं, त्यामुळे रणगाड्यातला सर्किट बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. लोकांना वाटतं रिमोट बिघडला. पॅक घरातून गरम न्या, मॉडेलमध्ये पातळ फोममध्ये गुंडाळून ठेवा, दुसरा कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा अलार्म सेलमागे ३.५ व्होल्टवर लावा. धूर सोडणारं युनिट बंद ठेवा, ते फुकट करंट खातं. आणि गारठलेला लिथियम पॅक लगेच चार्जरला लावू नका: शून्याखाली चार्ज केला तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि पॅक कायमचा खराब होतो, धोकादायकही होतो. खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्ज करा.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ओल्या बर्फाच्या चरात अँटेना खाली गेली की पल्ला घटतो. तार बुरुजात उभी करून ठेवा. पांढरा हिवाळी रंग दिलेला रणगाडा वीस पावलांवर दिसेनासा होतो, तेव्हा मागे नारिंगी रिबीन बांधा.

आतल्या बाजूला इंजिनच्या जाळ्या आतून चिकटपट्टीनं बंद करा. चाकांच्या दांड्या जिथून पोटात शिरतात तिथे वॉटरप्रूफ ग्रीस भरा. सर्किट बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओलाव्यापासून वाचवणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या, पण स्विच, आवाजाचं बटण आणि कनेक्टर झाकून ठेवा. कनेक्टरला सिलिकॉन ग्रीस पुरतं. गिअरमधलं जुनं घट्ट ग्रीस पुसून पातळ सिलिकॉन ग्रीस लावा. पूर्ण हवाबंद करण्याचा हट्ट मात्र धरू नका. बर्फ कुठून तरी शिरतोच आणि मग पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. मागच्या बाजूला सगळ्यांत खाली ३ मिमीचं एक भोक ठेवा, त्यात ग्रीसचा गोळा दाबा, घरी आल्यावर काढा.

चहाला थांबलात तर रणगाडा बर्फावर सोडू नका, फळीवर ठेवा. गरम गिअरबॉक्सजवळ वितळलेलं पाणी वीस मिनिटांत अॅक्सलवर गोठतं. पुन्हा सुरू करताना मॉडेल हातात उचला, स्टिक किंचित दाबा आणि दोन्ही ट्रॅक हवेत फिरतात का ते बघा. एक बाजू अडली तर जोर लावू नका, दातेरी चाक तळहातात धरून ऊब द्या.

खरं नुकसान घरात होतं. गार मॉडेल गरम खोलीत आणलं की हवेतली वाफ त्याच्यावर आणि आतल्या बोर्डावर पाणी होऊन बसते. म्हणून बाहेरच रंगाच्या ब्रशनं सगळा बर्फ झाडा, बॅटरी काढा आणि मॉडेल मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. मगच आत आणा आणि दोन-तीन तास तसंच ठेवा. वाफ पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमते. नंतर वरचा भाग उघडा, भोकातला ग्रीसचा गोळा काढा आणि साध्या पंख्यासमोर रात्रभर वाळू द्या. हीटरवर ठेवू नका, हेअर ड्रायर गरमवर लावू नका, प्लास्टिक वाकतं.

मीठ टाकलेल्या रस्त्यावर किंवा अंगणात चालवलं असेल तर धातूचे ट्रॅक त्याच दिवशी काढून गोड्या पाण्यानं धुवा. नाहीतर जस्ताच्या कड्यांवर पांढरी पूड धरते आणि पोलादी पिना गंजून भोकांत अडकतात. ट्रॅक सरळ पसरून फडक्यानं पुसा, दोन कड्यांमध्ये तेलाचा एक-एक थेंब द्या आणि प्रत्येक सांधा हातानं वाकवून बघा. जो वाकायला अडतो त्याची पिन पुढच्या वेळेआधी बदला.