तुम्ही विचारलंत म्हणून: त्या गोंगाटात गाणं ऐकू येतं का?

विचारणारे बहुतेक पुण्यामुंबईचे नातेवाईक असतात. मी लग्नानंतर हैदराबादेत आले, इथे तेलुगू सिनेमे थिएटरात जाऊन बघते, आणि तेही शक्यतो पहिल्या आठवड्यात. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘‘पण तिथे लोक शिट्ट्या मारतात, कागद उधळतात, पडद्यापुढे जाऊन नाचतात म्हणे. त्या गोंगाटात गाणं ऐकू तरी येतं का?’’

खरं सांगू? नाही येत. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला तर अजिबात नाही. पण गाणं ऐकायला तिथे कोणी जातच नाही. ते आधीच पाठ असतं.

‘अला वैकुंठपुरमुलो’चं उदाहरण घ्या. सिनेमा लागला २०२०च्या संक्रांतीला, १२ जानेवारीला. त्यातलं ‘सामजवरगमना’ आलं आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात. मधले तीन-साडेतीन महिने ते रिक्षात, हळदीच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये वाजत होतं. संगीत तमनचं (त्याला पुढे याच सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला), शब्द सिरिवेन्नेला सीताराम शास्त्रींचे, आवाज सिद श्रीरामचा. सुरुवातीचा शब्द चक्क त्यागराजांच्या कीर्तनातला. ते कीर्तन हिंदोळम् रागातलं, म्हणजे आपला मालकंस. सिनेमाच्या चालीचा त्याच्याशी तसा संबंध नाही, पण ज्या आजी नातवाबरोबर आल्या होत्या त्यांना तो शब्द ऐकून आपलं काहीतरी सापडलं, आणि नातवाला पडद्यावर अल्लू अर्जुन सापडला. थिएटरात गाणं लागलं तेव्हा बाल्कनी पडद्याच्या अर्धी मात्रा पुढेच पळत होती.

पूर्वी हेच काम कॅसेट करायची. सिनेमाच्या आधी ‘ऑडिओ फंक्शन’ व्हायचं, नट, संगीतकार, गीतकार सगळे व्यासपीठावर, आणि दुसऱ्या दिवशीपासून गल्लोगल्ली कॅसेटी. आता एकेक गाणं ‘लिरिकल’ म्हणून, म्हणजे शब्द दिसणारा व्हिडिओ होऊन, मोबाइलवर येतं आणि शेवटी ‘प्री-रिलीज इव्हेंट’ होतो. पद्धत बदलली, क्रम तोच राहिला. आधी गाणं घरात येतं, मग माणूस थिएटरात जातो.

थिएटर म्हणजे मॉल नव्हे. मॉलमधला सिनेमा मी सिनेमात धरत नाही, तिथे पॉपकॉर्नचा भाव तिकिटाच्या वर असतो आणि टाळी वाजवली तर पुढच्या रांगेतला मान वळवून बघतो. आमचं ठिकाण आर.टी.सी. क्रॉसरोड्स. संध्या, सुदर्शन, देवी ही थिएटरं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, समोर बिर्याणीची हॉटेलं, रस्त्यावर हिरोचा तीन मजली कटआउट, त्याला माणसाच्या कमरेएवढ्या जाडीचा झेंडूचा हार. मोठा सिनेमा असला की कटआउटवर दुधाचा अभिषेकही होतो. मला ते आवडत नाही. ते दूध कोणाच्या घरी गेलं असतं तर बरं झालं असतं, असं मी मोठ्याने म्हणते आणि कोणी ऐकत नाही.

आत दिवे मालवले की आधी हिरोचं बिरुद येतं. मेगास्टार, पॉवरस्टार, ज्याचं जे असेल ते. एकेक अक्षर पडद्यावर आदळतं आणि प्रत्येक अक्षराला ढोलाचा ठोका. याच वेळी बाल्कनीतून कागदाचे कपटे सुटतात. हे कपटे घरून आणलेले असतात, वर्तमानपत्र फाडून पिशवीत भरून. प्रोजेक्टरच्या झोतात ते पांढरे तरंगत राहतात, पडद्यावर त्यांच्या सावल्या हलतात, आणि सेन्सॉरचं सर्टिफिकेट कोणालाही वाचता येत नाही. खाली पहिल्या रांगेपुढच्या कठड्यावर पोरं चढलेली असतात. वॉचमन काठी आपटत येतो, पोरं उतरतात, वॉचमन वळला की पुन्हा चढतात. मी एकदा त्या वॉचमनलाच कोरसच्या ओळीला मान डोलावताना पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. हिरोची एन्ट्री नीट बघा. आधी बूट दिसतो, मग मूठ, मग पाठमोरा खांदा. संगीत चढत जातं, आणि चेहरा वळतो त्या क्षणी सगळी वाद्यं एकदम थांबतात, किंवा एकच सूर लांबत राहतो. इथले लोक याला ‘एलिव्हेशन’ म्हणतात आणि ‘बीजीएम’ची, म्हणजे पार्श्वसंगीताची, चर्चा गाण्याइतक्याच गंभीरपणे करतात. तो थांबा कोणासाठी असतो? शिट्टीसाठी. देवीश्री प्रसाद, तमन, त्यांच्या आधी मणि शर्मा, या सगळ्या संगीतकारांनी ती जागा पब्लिकसाठी मोकळी सोडलेली आहे. हजार माणसांनी तिथे काय करायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण तालात कोणी चुकत नाही.

म्हणूनच घरी सोफ्यावर बसून हिंदी डबिंग बघणाऱ्याला हे सिनेमे लांबट वाटतात. ‘हा नुसता चालतोय काय दहा सेकंद?’ माझ्या दिरांचा हा कायमचा शेरा. त्यांचं चुकत नाही. त्या दहा सेकंदांत त्यांनी ओरडायचं होतं, ते ओरडले नाहीत. सिनेमातला एक वाजवणारा गैरहजर असेल तर भोक दिसणारच.

डबिंगमध्ये आणखी एक गोष्ट जाते. आपलं यमक ओळीच्या शेवटी. तेलुगू पद्यात प्रास ओळीच्या दुसऱ्या अक्षराला असतो: ओळीमागून ओळ, दुसऱ्या जागी तेच व्यंजन. जुन्या छंदांचा हा नियम सिनेमाच्या गाण्यांनी काटेकोर पाळला नसला, तरी वेटूरी किंवा सिरिवेन्नेला या गीतकारांच्या कानात तो होताच. ओळ उचलली की लगेच टाळी बसते. हिंदीत ओठांच्या हालचालीला शब्द जुळवायचे म्हटल्यावर ही पुढची टाळी कुठे टिकणार? तेलुगू मला पुस्तकासारखं येत नाही. मी सोलापूरची, पूर्व भागातल्या पद्मशाली शेजारणींकडून कानावर पडलं तेवढंच. पण ही टाळी कळायला तेवढं पुरतं. आणि डप्पू या चामड्याच्या वाद्याचा ताल तर शिकावाच लागत नाही, आमच्याकडची हलगी ऐकलेल्या माणसाचे पाय आपोआप हलतात. हैदराबादच्या मर्फा या वरातीतल्या वादनातला तीनमार हा नाचाचा ताल त्यात मिसळला की बसून राहणं अवघडच. ‘नाटू नाटू’ला २०२३मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा इकडे फार कोणाला आश्चर्य वाटलं नाही, एवढा उशीर का, असा काहींचा सूर होता.

हे सगळं ‘साउथवाल्यांचं वेड’ म्हणून सोडून देणाऱ्या मराठी माणसाला मला एकच विचारायचं असतं: वन्स मोअर कोणाचा? बालगंधर्वांचं पद संपलं की वन्स मोअर देऊन तेच पद पुन्हा म्हणून घेणारे आपणच ना? नाटक मध्यरात्रीपर्यंत लांबलं तरी कोणाची तक्रार नसे. तेलुगू रंगभूमीवर त्याच काळात ‘पद्यनाटक’ वाढलं. पौराणिक पात्र पद्य म्हणायचं, शेवटच्या अक्षरावर लांबलचक आलाप, पेटी मागे धावते आहे, आणि प्रेक्षकांतून तोच पुकारा: वन्स मोअर. १८८०च्या सुमारास धारवाडकडची एक नाटक कंपनी आंध्रात खेळ करत फिरली आणि तिकडच्या नाटकाला तिने चालना दिली, असं तेलुगू रंगभूमीचा इतिहास सांगतो. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ही १८८०चंच. पाच वर्षांनी कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात ‘कीचकवधम्’ झालं आणि त्यातून सुरभी ही घराण्यांची नाटक कंपनी उभी राहिली. या सुरभीवाल्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून आलेले मराठे, असं ते स्वतः सांगतात. ती कुटुंबं आजही हैदराबादेत ‘मायाबजार’ करतात, खऱ्या पडद्यांनिशी आणि तारांवरून उडणाऱ्या पात्रांनिशी. ‘मायाबजार’ म्हणजे आपलं वत्सलाहरण. फक्त वत्सलेचं नाव तिकडे शशिरेखा.

त्याच गोष्टीवर के. व्ही. रेड्डींनी १९५७मध्ये सिनेमा केला. एस. व्ही. रंगाराव घटोत्कच, सावित्री शशिरेखा, एन. टी. रामाराव कृष्ण. लग्नाचं जेवण एकट्याने फस्त करणाऱ्या घटोत्कचाचं गाणं आजही लग्नात जेवणाच्या पंगतीला वाजतं. २०१०मध्ये हा सिनेमा रंगीत करून पुन्हा लावला तेव्हा तीन पिढ्या एका रांगेत बसल्या होत्या. त्यातले गायक घंटसाला जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. त्यांच्या आवाजाला तरण्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि म्हाताऱ्यांनी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. माझ्या मते रंगमंचावरच्या पद्याचा आलाप आणि आजच्या एन्ट्रीचा तो थांबा एकाच घरातले आहेत. दोन्हीकडे गाणारा थांबतो आणि समोरच्याकडे बघतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे आरडाओरडा हीच तुमची रसिकता. तसंही नाही. ‘शंकराभरणम्’ याच पब्लिकने डोक्यावर घेतला. १९८०च्या फेब्रुवारीत लागला. हिरो म्हणून पिकल्या केसांचा शास्त्रीय गायक, ते काम करणारे जे. व्ही. सोमयाजुलू सरकारी नोकरीतले नाटकवाले. सुरुवातीला थिएटरं रिकामी होती असं सांगतात, मग तोंडोतोंडी गर्दी वाढली. संगीत के. व्ही. महादेवन यांचं, गाणारे एस. पी. बालसुब्रह्मण्यम, ज्यांनी शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम घेतलेली नव्हती. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. माझ्या सासूबाईंनी तो करीमनगरला पाहिला. नेल तिकिटावर, म्हणजे अगदी पुढे जमिनीवर बसून बघणारे विडी कामगार तान संपेपर्यंत विडी पेटवत नव्हते, असं त्या सांगतात. (सासूबाईंना थोडं वाढवून सांगायची सवय आहे, पण विडीबद्दल त्या खोटं बोलणार नाहीत.) कुठे ओरडायचं आणि कुठे गप्प बसायचं हे इथल्या माणसाला सिनेमाच सांगतो.

तक्रारी माझ्याही आहेत. आवाज आताशा अमानुष असतो. कधीकधी शब्द तर सोडाच, चालही ढोलाखाली चिरडून जाते. क्लायमॅक्सच्या आधी एक ‘मास’, म्हणजे गर्दीला नाचवणारं, गाणं हवंच म्हणून कथानकाची मान मुरगळतात. बाईला नाचवायची गाणी कशी लिहितात त्यावर वेगळं लिहावं लागेल. आणि पहिल्या खेळाची गर्दी ही नुसती गंमत नाही. ४ डिसेंबर २०२४च्या रात्री याच संध्या थिएटरात नवा सिनेमा लागण्याच्या आदल्या रात्रीच्या खास खेळाला चेंगराचेंगरी झाली, एका बाईचा जीव गेला, तिचा मुलगा गंभीर जखमी झाला. त्यानंतर सरकारने बेनिफिट शो, म्हणजे असे खास खेळ, बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी त्या जिन्यावरून अनेकदा चढले आहे. तो किती अरुंद वाटू शकतो हे मला माहीत आहे. नट आला म्हणून जिथे रेटारेटी होते तिथे मी आता जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

त्यापेक्षा जुन्या सिनेमांचे री-रिलीज बघा. २०२२पासून ही लाट आली आहे, हिरोच्या वाढदिवसाला जुना सिनेमा पुन्हा लावायचा. ‘ऑरेंज’ २०१०मध्ये साफ पडला होता. राम चरण असूनही कोणी विचारलं नाही. गाणी मात्र हॅरिस जयराजची, ती मोबाइलमध्ये राहिली. २०२३च्या मार्चमध्ये तो पुन्हा लावला तर थिएटरं भरली आणि प्रत्येक गाणं पब्लिकने उभं राहून गायलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘सूर्या सन ऑफ कृष्णन’ लागला. हा मुळात तमिळ सिनेमा, २००८मध्ये तेलुगूत डब केलेला. संगीत पुन्हा हॅरिस जयराजचंच. मी गेले होते. पहिली ओळ सुरू झाली आणि सगळीकडे मोबाइलचे दिवे लागले. माझ्या शेजारच्या मुलीच्या मांडीवर इंजिनीअरिंगचं आयकार्ड होतं. सिनेमा आला तेव्हा ती शाळेतही जात नसेल, पण तिला कडव्यामधलं गिटारसुद्धा तोंडपाठ होतं. ती ते तोंडाने वाजवत होती. गाणं संपल्यावर पोरांनी ‘वन्स मोअर’चा असा धोशा लावला की ऑपरेटरने ते खरोखर मागे नेऊन पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी सगळे बसून गायले, कारण आता सूर लावायचा होता.

तेव्हा हैदराबादेत आलात तर मला आधी विचारा. तुम्हाला सिनेमा बघायचा असेल तर पहिल्या शुक्रवारी सकाळचा खेळ, बाल्कनीचं तिकीट, कानात कापूस. गाणं ऐकायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मॅटिनी. तेव्हा बायका डबे घेऊन येतात, ड्युएट लागलं की पुरुष चहाला बाहेर जातात आणि थिएटर बऱ्यापैकी आपलं असतं. समोशाचे पैसे सुटे ठेवा. इंटर्व्हलला फार रांग असते.