काळ्या मातीच्या अंगणात बसकी झेन उचलताना

माझी मारुती झेन 2004 सालची आहे. मी घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून ती खाली बसवलेली होती. मारेगाव तालुक्यातल्या आमच्या रस्त्यांवर अशी गाडी चालवणं कठीण, आणि घरी तिचं काम करणं त्याहून कठीण. तरी पुढचे ब्रेक पॅड, ऑइल, सांध्यांवरची रबरी आवरणं म्हणजे बूट, ही कामं मी घरीच करतो, कारण त्यासाठी वणीला गेलं की अख्खा दिवस जातो. ती गाडी उचलायची कशी, हे मला एका मे महिन्यात नीट कळलं.

त्या दिवशी मी ट्रॉली जॅक, म्हणजे छोट्या चाकांवर सरकणारा जॅक, सरळ अंगणातल्या मातीवर ठेवला होता. माती तापून दगडासारखी कडक झाली होती, म्हणून विश्वास बसला. जॅक दाराखालच्या कडेला लावला, डावं पुढचं चाक काढलं आणि टेकू म्हणून दोन विटा सरकवल्या. बाबा गोठ्यातून आले, उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाले, "चाक तसंच काहून ठेवलं बाजूला? बंडीचं चाक काढलं का आपण ते बंडीखालीच ठेवतो ना." त्यांनीच ते पायाने गाडीखाली ढकललं. मी कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचा, बोल्ट सैल करायला पान्यावर जोर दिला आणि जॅक सटकला. विटांचा चुरा झाला. गाडी त्या चाकावर येऊन थांबली. माझा हात कॅलिपरजवळ होता. चाक खाली नसतं, तर तो ब्रेकच्या डिस्कखाली गेला असता.

जॅक दोन टनांचा, गाडी पावणेआठशे किलोच्या आसपास. म्हणजे ताकद कमी पडली नव्हती, जमीन दगा देऊन गेली. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो वळण घेत चढतो. चढताना जॅकला आपल्या चाकांवर गाडीकडे थोडं सरकावं लागतं. सिमेंटवर तो सरकतो. आपल्या मातीत त्याची लोखंडी चाकं रुततात, जॅक जागीच अडकतो, आणि मग वरची वाटी पत्र्याच्या कडेवरून ओढली जाते. वरून कडक दिसणारी काळी माती उन्हाळ्यात आतून भेगाळलेली असते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. दोन्ही वेळी ती एकाच ठिकाणी आलेलं वजन पेलत नाही. नुसती फरशी टाकणंही पुरत नाही. खाली पोकळी असली की ती मधोमध तडकते.

आता मी आधी जागा करतो. सब्बलने ठोकून पाहतो, पोकळ आवाज आला की ती जागा सोडून देतो. मग मुरूम टाकून, पाणी मारून, ठोकून सपाट करतो. त्यावर 18 मिलिमीटरचे प्लायवूडचे मोठे तुकडे. जॅक त्यावरच सरकतो आणि उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडचे पायही त्यावरच.

दुसरी अडचण उंचीची. इंजिनाखालचा आडवा लोखंडी मेंबर जमिनीपासून 13 सेंटिमीटर, आणि माझा जॅक पूर्ण खाली केला तरी 14. वर 2 सेंटिमीटरचं रबर ठेवायचं, तेव्हा 16 हवेत. जुन्या चौकटीच्या सागवानाच्या फळ्या घरात होत्या. खालची 90 सेंटिमीटर लांब, वरची 60, दोन्ही मिळून जाडी 7. पुढची कड सुताराकडून रंध्याने उतरती करून घेतली आणि शेवटी आडवी पट्टी ठोकली, म्हणजे चाक पलीकडे उतरत नाही. कड उतरती असली की चाक हळूहळू चढतं आणि बंपर घासत नाही. दोन्ही पुढची चाकं अशी चढवली की जॅकला आत जायला जागा मिळते, दांडाही बंपरला न अडकता हलवता येतो. चढवताना बायको बाजूने पाहते. गाडीच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही, पोरं तर ओसरीवरच.

हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, त्यामुळे पुढून उचलताना त्याचा उपयोग होतो. मागून उचलायची असेल तर तो बिनकामाचा. मग दगड पुढच्या चाकांना. नुसत्या गिअरवर मी कधीच विसंबत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून घेतो.

जॅक मेंबरच्या मधोमध लावून सावकाश उचलतो, थांबून थांबून. मग दोन्ही बाजूंना दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर जिथे खाचा आहेत, तिथेच स्टँड. दुसरीकडे लावला तर पत्रा दबतो. गाडी स्टँडवर टेकवायची आणि जॅक थोडा सैल करून तिथेच राहू द्यायचा. आता विटा नाहीत, सिमेंटचे ठोकळेही नाहीत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. हात आत घालण्याआधी गाडी बाजूने जोर लावून हलवतो. ती डुलली, तर उतरवून पुन्हा लावायची. काढलेली दोन्ही चाकं गाडीखाली, बाबा म्हणतात तशी.

स्प्रिंगा कापलेल्या गाडीत उतरवताना आणखी एक पाहावं लागतं. चाक पूर्ण लोंबलं की आखूड स्प्रिंग आपल्या वाटीतून सैल होते, कधी तिरपी होते. गाडी तशीच खाली सोडली तर ती चुकीच्या जागी दबते. म्हणून स्टँड काढण्याआधी मी दोन्ही बाजूंना टॉर्च मारून स्प्रिंगचं टोक वाटीत बसलं आहे का ते पाहतो, आणि हाताने फिरवून बसवतो. चारही नट तिरपे तिरपे आवळतो. मारेगावला जाऊन आलो की पुन्हा एकदा पाना लावतो.

मागच्या ब्रेक ड्रमचं काम राहिलं आहे. अंगण अजून ओलं आहे, कापूस वेचायला सुरुवात होईपर्यंत तो मुरूम सुकणार नाही. तोवर फळ्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत.