तुम्ही विचारलंत म्हणून: डेडलिफ्टचा बार खाली कसा ठेवायचा?

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजन लावलेला बार ताठ उभं राहीपर्यंत उचलायचा व्यायाम. तो नव्याने शिकणारे बरेच जण विचारतात, ‘उचलताना काही होत नाही, पण खाली ठेवताना बार गुडघ्याला लागतो आणि कंबर धरते. असं का?’

गुडघे लवकर वाकतात म्हणून. ताठ उभे असताना बार मांडीला टेकलेला असतो. तिथून आधी गुडघे वाकवले की ते पुढे, थेट बारच्या वाटेत येतात. मग बार त्यांच्यावर आपटतो, नाहीतर वळसा घालून पुढे जातो. बार पायांपासून लांब गेला की तेच वजन कमरेला फार जड पडतं. पाठ गोल होते ती इथेच.

म्हणून आधी पोटात श्वास भरून पोट घट्ट करा. गुडघे किंचित सैल ठेवून हिप्स सरळ मागे ढकला. बार मांडीला घासतच उतरला पाहिजे. तो गुडघ्याच्या वाटीखाली गेला की मगच गुडघे वाकवा. साधारण २ सेकंद पुरेत. याहून हळू उतरवून नवशिक्याची फक्त दमछाक होते. प्लेट, म्हणजे बारला लावलेल्या वजनाच्या चकत्या, जमिनीला पूर्ण टेकेपर्यंत पोट सैल सोडू नका.

आता बार कुठे टेकला ते बघा. तो बुटाच्या नाडीच्या गाठीवर, म्हणजे पावलाच्या मधोमध हवा. बोटांकडे गेला असेल तर हिप्स पुरेसे मागे गेले नाहीत. पुढचा रेप (एकदा उचलून खाली ठेवणं) तसाच सुरू करू नका. पाय सरकवून पुन्हा जागा घ्या. प्लेट आपटून उसळीवर रेप काढणं तर नकोच.

उचलायची सुरुवातही याच जागेवरून. नडगी बारपासून २-३ सेंटिमीटर, हात गुडघ्यांच्या बाहेरून. बार न हलवता नडगी टेकेपर्यंत वाका, छाती वर, काखा घट्ट. उचलण्याआधी बार हलकेच वर ताणा; तो प्लेटच्या भोकात वर टेकल्याचा ‘टक्’ आवाज येतो. मग पायांनी जमीन दाबा. वर पोचल्यावर मागे झुकू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, त्यामुळे बार जमिनीपासून साधारण २२ सेंटिमीटरवर राहतो. लहान प्लेट लावल्या तर तो खाली जातो आणि पाठ सहज वाकते. अशा वेळी दोन्ही बाजूंना प्लेटखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा.